अधिक-उणे चार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. एका कागदावरून मी तीन शब्द गाळले. त्यापायी एका माणसाची वीस वर्षांची नोकरी गेली, आणि दुसऱ्या एका माणसाने तो दोष काही न बोलता स्वतःच्या अंगावर घेतला. पहिले गोविंद परब, आमच्या मिलच्या रिंगखात्यात दुसऱ्या पाळीचे जॉबर, म्हणजे मुकादम. दुसरे तळपदे. मला लिहायचं आहे ते तळपद्यांविषयी. पण हे आधी सांगितल्यावाचून त्यांचं नाव घेण्याचा मला अधिकार नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. परळच्या त्या मिलमध्ये टेस्टिंग खातं म्हणून एक लांबट खोली होती. सूत किती पक्कं, ते तपासायचं हे आमचं काम. रिंगखात्यातून कातलेल्या सुताच्या बाबिनी यायच्या; त्यांतून एकशेवीस वार सुताची एक अशा लडी काढायच्या, एकेक लड यंत्राच्या दोन हुकांना अडकवायची आणि ती तुटेपर्यंत ताणायची. तुटली की काटा थांबे, तिथला आकडा रतलांत लिहायचा. खात्यात माणसं तीन. तळपदे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली, आणि धोंडू शिपाई.

तळपदे गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातले. आडनावाला एकेकाळी वजन होतं म्हणतात. तळपद्यांपर्यंत पोचेस्तोवर त्यातलं उरलं होतं ते कडक इस्त्रीचा पांढरा कोट आणि डब्यातली मासळी. सूत खात्यात हवेत उडत असायचं, संध्याकाळी आमच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. पण तो कोट पांढराच, त्यामुळे त्यांच्यावर काही दिसायचं नाही. पन्नाशी उलटलेली, डोळे अधू होत चाललेले. काट्यावरचा आकडा वाचताना नाक काचेला टेकायचे, आणि वाचून झाला तरी मला वाचायला लावायचे. मी वेगळा वाचला तर रागवायचे नाहीत. दोन्ही आकडे लिहायचे आणि लड पुन्हा काढायला सांगायचे.

मिलमध्ये त्यांना मागून 'अधिकउणे' म्हणत. कारणही तसंच होतं. या माणसाच्या तोंडून कुठलाही आकडा एकटा बाहेर पडत नसे. किती वाजले विचारलं तर "सव्वादहा, अधिक-उणे दोन." ट्राम किती वेळात येईल? "आठ मिनिटं, अधिक-उणे पाच. आज सोमवार आहे, सहा धरा." धोंडू चहा आणायला निघाला की मुद्दाम दारातून ओरडायचा, "साहेब, चहा तीन कप आणतो, अधिक-उणे एक."

तळपदे मान वर न करता म्हणायचे, "उणे झाला तर तो तुझा."

एकदा धोंडूनेच त्यांना विचारलं, "साहेब, मुलं किती तुम्हांला?"

"दोन."

"अधिक-उणे?"

"नाही. ती मोजलेली आहेत."

आम्ही हसलो. तळपदे हसले नाहीत. त्यांच्या मते हा विनोद नव्हता, फरक होता. जे अख्खं मोजता येतं ते मोजावं. जे अख्खं मोजता येत नाही, ज्यातला चिमूटभरच आपण बघतो, त्याच्याबद्दल बोलताना आपण किती बघितलं आणि किती चुकू शकतो ते त्याच दमात सांगावं. मिलचं एका पाळीचं सगळं सूत ताणून तोडलं तर विकायला काय उरणार? म्हणून सोळा लडी तोडायच्या आणि हजारोंबद्दल बोलायचं. "सोळांवरून हजारांबद्दल बोलणाऱ्या माणसाने थोडं लाजून बोलावं, घाडी," ते मला म्हणायचे. घाडी म्हणजे मी.

मी इंटर सायन्स करून चिकटलेलो. सरासरी काढायची एवढंच मला येत होतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी सोळा आकड्यांचा कागद पुढे टाकला.

"सरासरी?"

"नव्वद रतल."

"म्हणजे त्या पाळीचं सूत नव्वद रतलांचं?"

"हो."

"उद्या दुसऱ्या सोळा लडी काढल्या तर नव्वदच येईल?"

मग त्यांनी शिकवलं. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब पडला ते काढा, त्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, पंधरांनी भागा, वर्गमूळ घ्या. त्याला ते 'पसारा' म्हणत. त्या दिवशी पसारा आठ आला. "हा एकेका लडीचा पसारा. पण आपण सोळांची सरासरी घेतली. एकटा माणूस बहकतो तितका सोळांचा घोळका बहकत नाही. किती कमी? सोळाचं वर्गमूळ चार. आठ भागिले चार, दोन. त्याची दुप्पट करा. सोळा लडींना दुपटीहून जरा जास्त लागतं खरं तर, पण तूर्त दुप्पट धरा. चार. आता काय म्हणाल?"

"नव्वद, अधिक-उणे चार."

"म्हणजे शहाऐंशी ते चौऱ्याण्णव. खरा आकडा यात कुठेतरी असावा."

"असावा की आहे?"

ते खुर्ची ओढून माझ्यासमोर येऊन बसले. असं कुणी विचारलं की त्यांना फार बरं वाटे. "जाळं टाकलेलं बघितलंत कधी? मासा आहे तिथेच आहे. तो आपल्याला दिसत नाही. आपण काठावरून जाळं टाकतो. या रीतीने शंभर वेळा जाळं टाकलं तर पंचाण्णव वेळा मासा आत येईल, पाच वेळा बाहेर राहील. आज टाकलेलं हे जाळं त्या पंचाण्णवांतलं की त्या पाचांतलं, ते मला कधीच कळणार नाही. माझा भरवसा आहे तो टाकण्याच्या रीतीवर. या एका जाळ्याची शपथ मी घेणार नाही."

मी म्हटलं, "एकट्याने टाकायच्या जाळ्याला आमच्याकडे पाग म्हणतात. माझे वडील खाडीत पागायला जायचे."

"पाग," ते म्हणाले. खिशातून टिपणवही काढून त्यांनी तो शब्द लिहून घेतला. त्या दिवसापासून खात्यात जाळं हा शब्द बंद झाला. "घाडी, पाग फार मोठा झाला हो. निम्मा करायचा तर लडी किती लागतील?" मी म्हणायचो, "बत्तीस." ते मान हलवायचे. "चौसष्ट. निम्म्याला चौपट. वर्गमूळ फुकट काही देत नाही."

चळवळीच्या दिवसांत त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पंचाईत असे. आम्ही सगळे भारलेले. शिवाजी पार्कच्या सभेहून आलेला धोंडू सकाळी छाती पुढे काढून म्हणाला, "पाच लाख माणूस होतं, साहेब."

"कुणी मोजलं?"

"पेपरात आलंय."

"पेपराने अधिक-उणे किती दिलंय?"

धोंडूचा चेहरा उतरला. "साहेब, तुम्ही मुंबई महाराष्ट्राला देणार की नाही?"

"माझी असती तर कालच दिली असती, धोंडू. पण पाच लाख ऐकीव आहे."

अशाने माणसं दुखावायची. हा माणूस थंड आहे, याला मराठी रक्त नाही, असं रिंगखात्यात उघड बोलायचे. मलाही तसं वाटायचं. मग रस्त्यांवर गोळीबार झाला. पुढचे काही दिवस मेलेल्यांचे वेगवेगळे आकडे कानांवर येत होते. मी तळपद्यांना खूश करायला म्हटलं, "साहेब, यात अधिक-उणे बरंच दिसतंय."

त्यांनी हातातली लड खाली ठेवली. "माणसं मेली, घाडी. त्यांचा अंदाज करत नाहीत. ती एकेक, नावानिशी मोजायची असतात." नंतर दिवसभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

याच सुमाराला साळखात्याकडून तक्रार आली की सूत मागावर फार तुटतंय. मिलने ठरवलेली मर्यादा होती ब्याऐंशी रतल. त्याखाली सूत गेलं तर जॉबरला जाब विचारायचा. दोन्ही पाळ्यांच्या सोळा-सोळा लडी आम्ही तोडल्या. पहिली पाळी चौऱ्याऐंशी, दुसरी एक्याऐंशी. पसारा दोन्हींचा आठच्या आसपास. म्हणजे दोन्ही आकडे अधिक-उणे चार.

तळपद्यांनी रिपोर्ट लिहिला आणि मला समजावून सांगितलं. पहिली पाळी ऐंशी ते अठ्ठ्याऐंशी. दुसरी सत्त्याहत्तर ते पंच्याऐंशी. ब्याऐंशीची रेषा दोन्ही पागांत येते. "पहिलीला पास म्हणायचा आपल्याला जितपत हक्क आहे, तितपतच दुसरीला नापास म्हणायचा. म्हणजे नाहीच. मी चौसष्ट लडी मागितल्यात. तोवर हा कागद जाता कामा नये. गेलाच, तर पागासकट जाईल."

त्यांना ठाऊक होतं, आणि मलाही, की दुसऱ्या पाळीचे जॉबर गोविंद परब आहेत, आणि परबांनी महिन्यापूर्वी अख्खी पाळी यंत्रं बंद करून मोर्च्याला नेली होती. वरच्या लोकांना ते खुपत होतं. मोर्च्यासाठी माणसाला काढलं तर मिल पेटली असती. कच्च्या सुतासाठी काढता येत होतं.

आणि नेमकं तेव्हाच तळपद्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं.

ते इस्पितळात गेले आणि तिसऱ्या दिवशी लेबर ऑफिसरने मला बोलावलं. परबांवर चौकशी बसणार होती. रिपोर्ट इंग्रजीत होता. कामगाराला मराठी प्रत द्यावी लागे, ती मी करायची होती. मी केली. खरोखर नीट केली होती. 'दुसरी पाळी, सरासरी एक्याऐंशी रतल, अधिक-उणे चार.' पहिल्या पाळीपुढेही तेच.

त्यांनी ती वाचली. माणूस सभ्य, बोलणं मऊ. "अक्षर सुरेख आहे हो तुमचं. पण हे काय? अधिक-उणे चार?" ते हसले. "पत्राच्या शेवटी लिहितात तसं? काही अधिक-उणे लिहिलं गेलं असल्यास क्षमा असावी? तळपदे जुन्या वळणाचे, मला माहीत आहे. पण चार-चारदा क्षमा कशाला? चौकशीच्या कागदात असली नम्रता बरी दिसत नाही. एवढं सोडून स्वच्छ प्रत करून आणा."

त्यांना खरोखर कळलं नव्हतं, की सगळं कळून ते मला वाट करून देत होते, हे मला आजही सांगता येत नाही. मला मात्र कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, ही क्षमा नव्हे, हा हिशेबाचा भाग आहे. मला कुणी धमकावलं नाही, आमिषही दाखवलं नाही. मी टेंपररी होतो, एवढंच. मी "बरं" म्हणालो आणि टेबलावर येऊन नवी प्रत लिहिली. पहिल्या पाळीपुढचे तीन शब्द गाळले, दुसऱ्या पाळीपुढचे तीन गाळले. पहिल्या पाळीपुढचे गेल्याने कुणाचंच काही बिघडलं नाही, म्हणून मी ते मोजत नाही.

परब आमच्याच चाळीत, लालबागला, एक मजला वर राहायचे. गाव माझ्या गावाच्या शेजारचं. त्यांना अक्षर येत नव्हतं. प्रत मिळाली त्या दुपारी, पाळीला जाण्यापूर्वी, ते ती घेऊन माझ्याकडेच आले. माझी तेव्हा रजा होती.

"दत्ता, वाचून दाखव रे. काय लिवलाहा माझ्याबद्दल?"

माझंच अक्षर मी त्यांना वाचून दाखवलं.

"पयली पाळी किती?"

"चौऱ्याऐंशी."

"आणि माझी?"

"एक्याऐंशी."

"होया किती?"

"ब्याऐंशी."

ते कठड्याला टेकले. "म्हणजे एका रतलान मेलंय मी." मग म्हणाले, "खाली आणखी काय नाय लिवलेला?"

"नाही, काका."

"तळपदे सायब सरळ माणूस. तेंनी लिवल्यानी म्हणजे खराच आसतला." कागदाची घडी करून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पाळीला गेले. चौकशीत त्यांनी रिपोर्टावर एकही प्रश्न विचारला नाही, असं मी नंतर ऐकलं. कशाला विचारतील? तळपद्यांवर त्यांचा विश्वास होता.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी इस्पितळात गेलो होतो. तळपद्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मी खाटेजवळ पोचतो न पोचतो तोच म्हणाले, "घाडी ना? चपला घासत चालता तुम्ही." मी मोसंबी आणली होती, ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चाचपली.

"किती आहेत? मोजून आणलीत ना?" स्वतःच जरा हसले. मग, "रिपोर्ट मागितला का कुणी?"

"मागितला. दिला."

"चौसष्ट न करताच?"

"थांबायला तयार नव्हते."

"पागासकट गेला?"

त्यांचे डोळे झाकलेले होते. तरी मी खिडकीकडे बघत म्हटलं, "हो."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "मग काही करू शकणार नाहीत ते." आणि निर्धास्त होऊन उशीवर मान टाकली.

ते कामावर परतले तेव्हा परबांना काढून आठवडा झाला होता. नवा जाड चष्मा लावून तळपदे वर गेले आणि चौकशीचे कागद मागून घेऊन आले. टेबलावर इंग्रजी रिपोर्ट आणि मराठी प्रत शेजारी-शेजारी ठेवली. बराच वेळ दोन्हींवर आलटूनपालटून नाक टेकवत होते. माझं अक्षर ते केव्हाही ओळखत. मी यंत्रापाशी उभा होतो. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आलो आहे.

त्यांनी दोन्ही कागद खणात ठेवले. "त्या आठवड्याच्या दुसऱ्या पाळीच्या बाबिनी नमुन्याला ठेवल्यात ना? काढा. चौसष्ट तोडू."

आम्ही दिवसभर लडी तोडल्या. धोंडू डबे घेऊन आला, ते तसेच राहिले. सरासरी आली त्र्याऐंशी. पसारा आठ, चौसष्टचं वर्गमूळ आठ, म्हणून एक, दुप्पट दोन. एक्याऐंशी ते पंच्याऐंशी.

मी घाईने म्हटलं, "म्हणजे परब निर्दोष."

"असं कुठे लिहिलंय? ब्याऐंशीची रेषा अजून आतच आहे. अजूनही सांगता येत नाही." कागदावरची शाई वाळेपर्यंत ते थांबले. "सूत कच्चं होतं की नाही, मला माहीत नाही. वरच्यांनाही माहीत नाही. माहीत नाही या जोरावर माणसाला घरी पाठवत नाहीत, एवढंच मला म्हणायचंय."

तो कागद घेऊन ते वर गेले. तासाभराने आले. चौकशी पुरी झाली, ती पुन्हा उघडता येत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. आणि प्रत अपुरी गेली असेल तर ती केली कुणी, असं विचारलं होतं.

"तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"खातं माझं आहे, म्हटलं." आणि कोट झटकून ते पुढच्या बाबिनीकडे वळले.

पंधरा दिवसांनी त्यांची बदली कापसाच्या गोदामात झाली, गासड्यांचे नंबर लिहायला. कारण दिलं होतं: खातेप्रमुखाची हलगर्जी. पुढे दोनेक महिन्यांत त्यांनी मिल सोडली. मी कायम झालो.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, म्हणजे दाराच्या फटीतून पाहिलं. परब तोवर गावी गेले होते; त्यांची बायको मुलांना घेऊन चाळीतच होती, चार गिरणीकामगारांना जेवण घालून दिवस काढत होती. रविवारची सकाळ होती. जिन्यात पांढरा कोट दिसला. एकेक पायरी पायाने चाचपत, कठडा धरून, तळपदे वर चढत होते. माझा मजला आला तेव्हा मी आत सरकलो आणि दार लोटून घेतलं. ते वर गेले. चाळीतलं बोलणं लपत नाही. डोक्यावरच्या खोलीतून त्यांचा आवाज सरळ खाली येत होता.

"वहिनी, मी मिलमध्ये होतो. तळपदे. मी काही चांगली बातमी आणलेली नाही. परबांवर जो आकडा ठेवला तो माझ्या खात्यातून अर्धाच गेला होता. राहिलेला अर्धा यात लिहिलाय. त्यांना पाठवा, कुणाकडून तरी वाचून घ्यायला सांगा. त्यांचं सूत कच्चं होतं असं मी कधी म्हटलेलं नाही."

परबांची बायको काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "चा घेतल्याशिवाय जाव नका." ते चहाला थांबले.

उतरताना त्यांची पावलं माझ्या मजल्यावर थांबली. दाराबाहेर माझ्या नावाची पाटी होती. फटीतून मला कोटाची बाही दिसली, आणि पाटीजवळ गेलेला चष्मा. नाव त्यांनी वाचलं. नाक टेकवूनच वाचलं असणार. हात वर गेला. मी उभा होतो, दारापासून दोन हातांवर. हात कडीपर्यंत आला नाही. त्यांनी कोटाच्या बाहीवरचा जिन्याचा चुना झटकला आणि एकेक पायरी शोधत ते खाली गेले.

तळपदे गेले त्याला आता तीन वर्षं झाली. ते टेस्टिंग खातं आज माझ्याकडे आहे. माझ्या हाताखालची मुलं मला काटेकोर म्हणतात.

गोविंद परब कणकवलीजवळ त्यांच्या गावी आहेत, थकलेत, पण आहेत. आकड्याचा राहिलेला अर्धा भाग त्यांना तळपद्यांनी पाठवला. तो गाळणारा हात कुणाचा होता, हे त्यांना अजून ठाऊक नाही; तळपद्यांच्याच खात्याची चूक, असं ते समजून आहेत. त्या दुपारी कागद वाचून दाखवणाऱ्यानेच ते शब्द गाळले होते, हे त्यांच्यासमोर बसून सांगण्याचं देणं मी लागतो. ते अजून मी फेडलेलं नाही.